कोळशावर वाढलेले गाव

'कोळशाचे गाव' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? जमिनीत खोल गेलेली खाण, काळवंडलेले चेहरे आणि कोळशाने भरलेल्या वाघिणी. आपल्या महाराष्ट्रात अशी गावे विदर्भात आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे त्यांपैकी एक जुने गाव. इंग्रज सरकारने १८७० नंतर तेथे खाण चालवली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा नेला. १९०६ मध्ये ती खाण बंद झाली.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात मात्र तुम्हांला कोळशाची एकही खाण सापडणार नाही. येथे सगळीकडे काळा, कठीण पाषाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर पडला, त्याचे थरांवर थर साचले आणि हा खडक तयार झाला. कोळसा तयार होतो गाडल्या गेलेल्या झाडांपासून. लाव्ह्याच्या खडकात तो कोठून येणार? तरीही या तालुक्यातले लोणावळा हे गाव कोळशावरच वाढले. ते कसे, ते आता पाहू.

मावळ या शब्दाचा संबंध 'मावळणे' या क्रियापदाशी जोडतात. सूर्य मावळतो ती बाजू, म्हणजे पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख. या मुलखाच्या टोकाला बोरघाट आहे. घाटाच्या खाली कोकण, वर देश. घाटमाथ्यावर खंडाळा व लोणावळा ही दोन लहान गावे होती. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ साली मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि ती पुण्याला कशी न्यायची, हा प्रश्न उभा राहिला. १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली. मुंबईकडून खोपोलीपर्यंत गाडी येतच होती. मध्ये उरला तो घाट. प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत. वर पोचले की पुन्हा गाडी!

घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले होते. अंतर सुमारे २५ किलोमीटर, पण चढ साडेपाचशे मीटरांहून अधिक. पंचवीस बोगदे खोदायचे होते. बोगदा म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूत आपण त्याला सुरंग म्हणतो. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. पहार आणि हातोडा घेऊन माणसे खडकात भोके पाडत व त्यांत दारू ठासून खडक फोडत. काही कडे इतके उभे होते की दोराने बांधून माणसांना खाली सोडावे लागे.

ही माणसे कोण होती? आसपासच्या खेड्यांतून आणि दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेले मजूर. 'मजूर' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. मज़दूर मराठीत आला आणि मजूर झाला. १८६१ मध्ये घाटात एका वेळी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. डोंगरउतारावर झोपड्या, पाण्याची गैरसोय, वर मावळातला पाऊस. पटकीची साथ आली की माणसे पटापट मरत. (पटकी म्हणजे हैज़ा.) १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजूर चिडले आणि दंगा झाला. चौकशी झाली, ठेकेदाराने काम सोडले. मजुरीचे असे तंटे मिटवण्यासाठी पुढच्याच वर्षी सरकारने एक कायदा केला. मजुरांना गप्प बसवण्यात त्याचा किती उपयोग झाला आणि त्यांना न्याय देण्यात किती, हे मात्र वेगळे सांगायला हवे का?

नव्या ठेक्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार १८५९ मध्ये येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार इंजिनियर नेमून तिने काम पुरे करून घेतले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील मार्ग खुला झाला. ॲलिसचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. पण घाटात मेलेल्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या या भागातली पहिली जनगणना, म्हणजे मर्दुमशुमारी, झाली १८७२ साली. त्यामुळे ते बेचाळीस हजार लोक कोणत्याही गावाच्या लोकसंख्येत मोजले गेले नाहीत.

मार्ग झाला आणि लोणावळ्याचे दिवस पालटले. वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी लागत, कोळसा आणि पाणी. घाट चढताना तर इंजिन दोन्ही अधाशासारखे खाई-पिई. सुरुवातीला हा कोळसा विलायतेहून जहाजाने मुंबईला येई, पुढे हिंदुस्थानातल्या खाणींतून येऊ लागला. रेल्वे कंपनीने लोणावळ्याला इंजिनांचा कारखाना काढला. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, लोहार, हमाल अशी माणसे येथे राहू लागली. भट्टीत फावड्याने कोळसा टाकून फायरमनचे हात दुखून येत. १८७७ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे साडेसहा हजार होती. गूळ आणि शेंगदाण्यांचा जो गोड पदार्थ मजूर खात, त्याचीच पुढे लोणावळ्याची प्रसिद्ध चिक्की झाली, असे सांगतात.

मग १९२९ साली घाटात विजेची गाडी आली आणि वाफेची इंजिने मागे पडू लागली. वरोऱ्याची खाण गेली तसा लोणावळ्याचा कोळसाही गेला. गाव ओस पडले का? नाही. याचे एक कारण म्हणजे पाऊस. टाटांच्या कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवता येथे धरणे बांधून पाणी अडवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज तयार केली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. दुसरे कारण म्हणजे थंड हवा. मुंबईचे श्रीमंत लोक येथे बंगले बांधत होते. १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगाची संस्था निघाली. १९४५ मध्ये नौदलाचे आय.एन.एस. शिवाजी हे प्रशिक्षण केंद्र आले. जुना आधार सुटण्याआधी नवे आधार उभे राहत होते, हे गावाचे नशीब! सगळ्याच गावांचे ते नसते.

२०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८ होती. आता १८६१ मधला तो आकडा आठवा. घाटात राबणारी माणसे आजच्या या शहराच्या जवळजवळ पाऊणपट होती. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी येथे पर्यटकांची एवढी दाटी होते की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. जनगणनेत ते लोकही नसतात. पण ते संध्याकाळी आपापल्या घरी परत जातात.

तुम्ही कधी मुंबईहून पुण्याला लांबच्या गाडीने गेलात, तर कर्जतला लक्ष द्या. मागून एक हलका धक्का बसेल. घाट चढवण्यासाठी गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात, त्यांचा तो धक्का. त्यांना 'बँकर' म्हणतात. मग एकामागून एक बोगदे येतात. ते मोजून पाहा. लोणावळा आले की बँकर सुटतात आणि पुढची गाडी नेण्यासाठी पुन्हा खाली उतरतात.