उमराहचा प्रवास आणि रियालचा बट्टा

रमजान लागला की गावागावांतून उमराहला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. उमराह म्हणजे मक्केची छोटी यात्रा. हज ठरावीक दिवसांतच होते, उमराह मात्र वर्षातील इतर बहुतेक दिवसांत करता येते. रमजानमधील उमराहचे पुण्य मोठे मानले जाते, म्हणून याच महिन्यात गर्दी उसळते. निघणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, शेतकरी असतात, शिलाईकाम करून पैसा-पैसा साठवलेल्या विधवा असतात. विमानाचे तिकीट, व्हिसा, मक्का-मदिनेतील मुक्काम यांची चौकशी महिनाभर चालते. रियाल मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी, मिळेल त्या भावाने घेतले जातात. वर्षांच्या बचतीतले दोन-तीन हजार रुपये तिथेच, कुणाच्या लक्षातही न येता गळतात.

मराठीला हा विषय नवा नाही. आज ‘सराफ’ म्हटले की सोन्या-चांदीचे दुकान आठवते, पण हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. सौदी अरबस्तानात आजही चलन बदलणाऱ्याला ‘सर्राफ’च म्हणतात, आणि एटीएम म्हणजे तिथे ‘यांत्रिक सराफ’. आपल्याकडे एका नाण्याच्या बदल्यात दुसरे देताना सराफ जी घट कापून घेत, तिला ‘बट्टा’ म्हणत. नावाला लागतो तोच हा बट्टा. चलन बदलताना तो आजही कापला जातो, फक्त पाटीवर लिहिलेला नसतो.

एके काळी यात्रेकरूंना भारतीय नोटा घेऊनच जाता येत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. आता त्या केवळ संग्राहकांकडे उरल्या आहेत.

बट्टा ओळखायचा कसा?

रियालच्या बाबतीत हे फार सोपे आहे. १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर सौदी सरकारने बांधून ठेवला आहे. म्हणून त्या दिवशीच्या डॉलरच्या बाजारभावाला ३.७५ ने भागले की रियालचा खरा भाव कळतो. समजा, डॉलर ९० रुपये आहे. मग रियाल झाला २४ रुपये. एका दुकानाने २४.९० सांगितले, तर बट्टा ९० पैशांचा, दुसऱ्याने २४.४० सांगितले, तर ४० पैशांचा. पैशांत हा फरक क्षुल्लक वाटतो. पण नवरा-बायकोने मिळून ४,००० रियाल घेतले, तर पहिल्या दुकानात ३,६०० रुपये बट्ट्यात जातात, दुसऱ्यात १,६००. दोन हजारांचा फरक केवळ दोन ठिकाणी विचारण्याने पडतो. दुबईला सहलीला जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. तिथला दिरहम एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे.

‘कमिशन नाही’ या पाटीला भुलू नये. कमिशन नसले तरी बट्टा भावात मिसळलेला असतो. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: सगळे धरून मी किती रुपये द्यायचे आणि माझ्या हातात किती रियाल पडणार? जीएसटीही त्यात आला पाहिजे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे २०,००० रुपयांवर ४५ रुपये आणि एक लाखावर १८० रुपये. याहून जास्त ‘कर’ कुणी सांगितला, तर पावती मागावी.

कुठे आणि कधी?

विमानतळावरचा भाव सहसा सर्वांत महाग. ज्याला दुसरा पर्याय उरलेला नाही, अशाच गिऱ्हाइकासाठी तो असतो. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी बँक आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले दोन-तीन चलन विनिमयवाले यांच्याकडे चौकशी करावी. छोट्या शहरातल्या शाखेत रियाल शिल्लक नसतात, ते मागवावे लागतात. शनिवार-रविवारी आंतरराष्ट्रीय बाजार बंद असतो, म्हणून दुकानदार सावधपणे भाव चढा ठेवतात. कामाच्या दिवशी जावे. शिवाय भावात घासाघीस होते. एकाच जथ्यातील दहा-बारा जणांनी मिळून भाव ठरवला, तर तो हमखास खाली येतो. व्यवहार मात्र ज्याचा त्याने आपल्या पासपोर्ट आणि पॅनवरच करावा. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देता येत नाही, धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी लागते.

काही जण डॉलर नेऊन मक्केत रियाल घेतात. यात बट्टा दोनदा लागतो, तरी तो तोट्याचाच असतो असे नाही. वरच्याच उदाहरणात डॉलर ९१ ला मिळाला आणि तिथे ३.७० रियाल हातात आले, तर रियाल २४.५९ ला पडला. पहिल्या दुकानापेक्षा स्वस्त, दुसऱ्यापेक्षा महाग. ऐकीव सल्ल्यापेक्षा भागाकार बरा. वाटखर्चासाठी थोडे रियाल, तेही लहान नोटांत, घरूनच न्यावेत. भारतीय नोटांच्या भरवशावर जाऊ नये. बाहेर जाताना २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात आणि तिथे त्यांना भावही कमी मिळतो.

कार्ड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथल्या यंत्रावर ‘रुपयांत की रियालमध्ये?’ असे विचारले, तर रियालच निवडावे. रुपये निवडले की यंत्रवाल्याचा मनमानी दर लागतो. शिवाय बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहारासाठी २ ते ३.५ टक्के वेगळे कापले जातात; ते बँकेत आधीच विचारून घ्यावे.

पावतीचे मोल

मोहल्ल्यात कुणीतरी ‘पावतीविना स्वस्त देतो’ असे सांगणारा भेटतोच. तिथे नोट खोटी निघाली तर दाद कुठे मागणार? परतलेल्या यात्रेकरूकडून उरलेले रियाल विकत घेण्याची पद्धतही जुनी आहे, पण विदेशी चलनाची परस्पर खरेदी-विक्री कायद्यात बसत नाही. उरलेले चलन परतल्यापासून १८० दिवसांत परवानाधारकाकडेच द्यावे; २,००० डॉलरच्या मोलापर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात.

इस्लामी व्यवहारशास्त्रात चलनाच्या अदलाबदलीला ‘सर्फ’ म्हणतात. ‘सराफ’ त्याच धातूतून आला. त्याचा नियम साधा आहे: देणे-घेणे त्याच बैठकीत, हातोहात पुरे व्हावे, उधारी नको. म्हणून भाव विचारताना संकोच करू नये, आणि खिडकी सोडण्याआधी नोटा मोजून घ्याव्यात. यात्रेला लागणारा पैसा कष्टाचा आणि हलाल असावा, याची काळजी प्रत्येक जण घेतो. तो पैसा वाटेत वाया जाऊ न देणे हीदेखील त्याच काळजीची दुसरी बाजू आहे.