अंगणातली करवंदाची जाळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात पानांच्या द्रोणांतून ‘डोंगरची काळी मैना’ बाजारात आली की आपल्याही अंगणात एक जाळी असावी, असं अनेकांना वाटतं. मग बिया जपून ठेवल्या जातात, कुंडीत फांद्या खोचल्या जातात आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. सह्याद्रीच्या उघड्या कातळावर, कुणी पाणी न घालता वाढणाऱ्या या झुडपाला आपण गुलाब-जास्वंदीचे नियम लावतो, तिथेच गाडी अडते.

गैरसमज: बिया नीट वाळवून ठेवाव्यात आणि सवडीने पेराव्यात.

वस्तुस्थिती: झेंडू-भेंडीला हे चालतं, करवंदाला नाही. त्याचं बी फळातून काढलं की त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटत जाते. म्हणून पूर्ण पिकलेलं काळं फळ घ्यावं, बिया चोळून धुवाव्यात, गर आणि चीक काढून टाकावा आणि एक-दोन दिवसांतच त्या पेराव्यात. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांच्या मिश्रणात सेंटिमीटरभर खोली पुरते. साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात. फळ पिकतं तेव्हा पाऊस तोंडावर असतो, त्यामुळे रानात बी पडतं तेही याच मुहूर्तावर.

गैरसमज: फांदी खोचली की फुटते.

वस्तुस्थिती: करवंदाच्या काडीला मुळं मोठ्या मुश्किलीने फुटतात. रोपवाटिकांत मुळं फुटवणारं संजीवक आणि सतत दमट हवा देऊन थोडंफार यश मिळतं. घरच्या कुंडीत काडी बहुधा वाळून जाते. घरी भरवशाची रीत म्हणजे गुटी कलम.

जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, निरोगी फांदी निवडावी. तिच्यावरची अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढावी. चीक ओघळेल तो पुसावा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूने खरवडून टाकावा. हा थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मेहनत वाया जाते. मग जखमेवर भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद दोन्ही टोकांना घट्ट बांधावा.

आत जे घडतं ते साधं आहे. मुळांकडून येणारं पाणी लाकडातून वर जातच राहतं, त्यामुळे फांदी हिरवी राहते. पानांत तयार झालेलं अन्न आणि संजीवकं मात्र सालीतून खाली उतरतात. वाट तुटल्यामुळे ती जखमेच्या वरच्या कडेशी साठतात आणि तिथे मुळं फुटतात. दोन-तीन महिन्यांत कागदातून मुळांचं जाळं दिसलं की गुटीच्या खाली कापून रोप कुंडीत लावावं आणि काही आठवडे सावलीत ठेवावं.

गैरसमज: बियांच्या रोपाला आईसारखीच फळं येतात.

वस्तुस्थिती: एकाच डोंगरावर एका जाळीची करवंदं साखरेसारखी, तर शेजारच्या जाळीची दात आंबवणारी असतात. बियांच्या रोपात हा फरक उतरतोच. गुटीचं रोप मात्र मूळ झाडाचाच तुकडा असल्याने फळ तसंच येतं, आणि सहसा लवकरही येतं. बियांच्या रोपाची जमेची बाजू म्हणजे सोटमूळ. खडकाळ, कोरड्या जागी कुंपण करायचं असेल तर तेच बरं. मोठ्या फळांचीच हौस असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही जात विकसित केली आहे.

गैरसमज: डोंगरावरून रोप उपटून आणणं सगळ्यात सोपं.

वस्तुस्थिती: वीतभर रोपाचंही सोटमूळ खडकाच्या फटीत खोल गेलेलं असतं. उपटताना ते तुटतं आणि रोप घरी येऊन मरतं. शिवाय वनखात्याच्या जमिनीतून परवानगीशिवाय झाडं उपटणं बेकायदा आहे.

गैरसमज: ‘कोंबडा’ आणि ‘कोंबडी’ अशी दोन्ही झाडं हवीत.

वस्तुस्थिती: करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी, हा पोरांचा खेळ. झाडाच्या लिंगाशी त्याचा संबंध नाही. करवंदाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात.

गैरसमज: भरपूर खतपाणी आणि सतत छाटणी केली की भरपूर फळं.

वस्तुस्थिती: जास्त नत्राने पाला माजतो आणि साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात. त्याला हवं ते दिवसभराचं ऊन आणि निचरा होणारी माती. फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे कुंपणाला वर्षभर कात्री लावणाऱ्याच्या वाट्याला काटेच येतात. छाटणी एकदाच, फळं संपल्यावर करावी.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट. गुटी बांधायची पावसात, पण फांदी ठरवायची मे महिन्यात. ओळखीच्या कुणाच्या कुंपणातली करवंदं चाखून बघा, गोड निघतील त्या जाळीला मालकाला विचारून रंगीत दोरा बांधून ठेवा. जुलैत फळं संपलेली असतात, आणि तेव्हा आंबट-गोड सगळ्या जाळ्या सारख्याच दिसतात.