पन्नाशीनंतरचा अर्ज

मुंबईत भाड्याने जागा शोधणे एकवेळ परवडले. पण बावन्नाव्या वर्षी नोकरी शोधण्याची पाळी वैऱ्यावरही येऊ नये!

आमचा कारखाना बंद पडला आणि हिशेबखात्यातले हे जुने खोड घरी बसले. धाकट्याची कॉलेजची फी तोंडावर आलेली. जो तो सल्ला देई, "पेन्शन सुरू करून घ्या!" मी आकडेमोड केली. 1995 च्या पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर ती आधीही घेता येते. पण दर वर्षामागे 4 टक्के कपात! सहा वर्षांची घाई केली, तर पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम जन्मभरासाठी गेली. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यापेक्षा अर्ज करा."

मुलाखतीला समोर थोरल्याच्या वयाचे साहेब. "काका, या वयात नवीन शिकाल?"

मी म्हटले, "साहेब, विक्रीकराच्या जमान्यात नोकरीला लागलो. 2005 साली व्हॅट आला, तो शिकलो. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हा चाळिशी उलटली होती, तोही शिकलो. आता चौथे काय, ते सांगा!"

साहेब हसले. नोकरी मिळाली. पगार पूर्वीपेक्षा कमी, खुर्चीही लहान. पण घरात पुन्हा एक तारखेची वाट पाहिली जाते.

समवयस्क वाचकहो, अर्जात वय लपवू नका. किती वर्षे खुर्ची उबवली ते सांगण्यापेक्षा, त्या वर्षांत नवे काय शिकलात ते लिहा. पांढऱ्या केसांना भाव येतो तो त्यानेच!