शिवणाचे मशीन घेताना

घरात शिवणाचे मशीन असावे, असे पुष्कळ घरांत बोलणे चालते. मुलांची झबली, बायकांची पोलकी, उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या अशी किती तरी कामे मग घरच्या घरी होतात. हात बसला म्हणजे शेजारपाजारचे कापडही येते. चार पैसे मिळतात.

पण मशीन म्हणजे काही सुई-दोरा नव्हे. त्याला काही हजार रुपये पडतात. हे पैसे मजुरीतून, कोंबड्या विकून, बचत गटातून जमवलेले असतात. घाईने भलतेच मशीन घेतले, तर ते दोन महिन्यांत कोपऱ्यात जाऊन बसते आणि पैसेही अडकतात. म्हणून मशीन घेण्याआधी काय पाहावे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

मशीन शिवते कसे?

हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे नेढे पुढच्या टोकाजवळ असते. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते. ती वर येऊ लागली की दोऱ्याचा लहानसा फास खाली राहतो. तेथे शटल नावाचा भाग फिरत असतो. त्याला चोच असते. ही चोच फास पकडते आणि खालच्या बॉबिनवरच्या दोऱ्याभोवती फिरवून सोडते. दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. म्हणून मशीनचा टाका सहजी उसवत नाही.

असे यंत्र अमेरिकेतल्या एलियस होवे याने १८४६ साली आपल्या नावावर नोंदवले. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राची नोंद केली. गांधीजी यंत्रांविषयी फार सावधपणे बोलत. पण १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राला त्यातून वगळले. माणसाचे कष्ट वाचवणारे हे यंत्र त्यांना पसंत होते.

हे सारे सांगायचे कारण असे. बाजारात मुठीत मावणारी, स्वस्त, खेळण्यासारखी मशीने मिळतात. त्यांतली पुष्कळशी एकाच दोऱ्याने शिवतात. त्या टाक्याचे टोक ओढले की सगळी शिवण सुटत जाते. घरखर्चातले पैसे त्यात घालू नयेत.

आधी काम ठरवा, मग मशीन

समजा, एका घरात दोन जावा आहेत. थोरलीला फक्त घरचे शिवायचे आहे. धाकटीने शिवणवर्ग केला आहे. तिला गावातल्या बायकांची पोलकी शिवायची आहेत. थोरली म्हणते, "अगं, तू घेशील तसंच मलाही घेते." धाकटी म्हणते, "जाऊबाई, तुम्हांला घटकाभर शिवायचं. एवढ्यासाठी जास्तीचे पैसे कशाला घालता?" धाकटीचे म्हणणे बरोबर आहे.

थोरलीला हातमशीन पुरेल. त्याला वीज लागत नाही. ते खाली पाटावर ठेवूनही चालवता येते आणि काम झाले की उचलून ठेवता येते. मात्र उजवा हात चाक फिरवण्यात गुंततो. कापड एका डाव्या हाताने सांभाळावे लागते. म्हणून काम सावकाश होते.

धाकटीला पायमशीन बरे. पायाने पट्टा फिरतो, दोन्ही हात मोकळे राहतात. शिवण सरळ येते आणि काम भराभर उरकते. वीज गेली तरी काम अडत नाही. त्याला लोखंडी स्टँड लागतो आणि घरात कायमची जागा लागते. पुढे काम वाढले, तर याच मशीनला विजेची मोटर जोडता येते. म्हणजे आज कमी खर्च आणि पुढची वाट मोकळी.

तिसरा प्रकार विजेच्या हलक्या मशीनचा. त्यावर नागमोडी टाका पडतो, काजे करता येतात, नक्षीही निघते. दिसायला ते देखणे असते. पण वीज नसेल तेव्हा ते बंद. बिघडले तर गावातल्या कारागिराला ते दुरुस्त करता येईलच असे नाही. जाड कापडाचे चार-सहा पदरही त्याला जड जातात. ज्यांच्या घरी वीज भरवशाची आहे आणि नक्षीचे काम ज्यांना खरोखर करायचे आहे, त्यांनीच ते घ्यावे.

जुन्या लुगड्यांची जाड गोधडी मात्र हातसुईनेच शिवावी. घरगुती मशीनवर ती कोंबली तर सुई मोडते.

दुकानात काय पाहावे?

मशीन नुसते पाहून घेऊ नये. त्यावर शिवून पाहावे. जाताना घरूनच पातळ कापडाचा एक तुकडा आणि जाड कापडाचा एक तुकडा न्यावा. दोन रंगांचे दोरेही न्यावेत. वर तांबडा दोरा घालावा, बॉबिनवर पांढरा भरावा. मग शिवून पाहावे. टाका बरोबर असेल, तर वरून तांबडाच दिसेल आणि खालून पांढराच. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले, तर वरचा दोरा फार ताणलेला आहे. खाली तांबडा दोरा दिसला, तर वरचा दोरा सैल आहे. दुकानदाराला ताणाचा स्क्रू फिरवायला सांगावे. तो फिरवूनही टाका सुधारत नसेल, तर ते मशीन सोडून द्यावे.

जुने मशीन वाईटच असते असे नाही. जुन्या काळची ओतीव लोखंडाची काळी मशीने नीट सांभाळली तर पिढ्यान् पिढ्या चालतात. पण ती पारखून घ्यावीत. चाक हाताने सावकाश फिरवावे. ते कोठे अडकू नये आणि खडखडू नये. सुईचा दांडा धरून हलवावा. तो डगमगला तर आतले भाग झिजले आहेत असे समजावे. सुईखालच्या पत्र्यात दाते असतात. ते कापड पुढे सरकवतात. शिवताना कापड हाताने ओढावे लागले, तर दाते बोथट झाले असतील. गावातल्या एखाद्या शिंप्याला सोबत नेता आले तर उत्तम. त्याच्या चहापाण्याचा खर्च वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट विचारावी. बॉबिन, शटल, सुया आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळतात काय? दुरुस्ती करणारा जवळपास कोण आहे? ज्या मशीनला सुटे भाग मिळत नाहीत, ते स्वस्त मिळाले तरी महाग पडते.

पैशांचा हिशेब

आम्ही इतकी वर्षे शाळेत हिशेब शिकवला. येथेही थोडा हिशेब करू. समजा, मशीनची रोख किंमत ९,००० रुपये आहे. दुकानदार म्हणतो, "आता १,००० द्या, मग महिना ८०० प्रमाणे १२ हप्ते द्या." ऐकायला सोपे वाटते. पण १२ हप्त्यांचे ९,६०० झाले. आधीचे १,००० मिळवले की १०,६०० झाले. म्हणजे १,६०० रुपये जास्त. एका पोलक्यामागे ५० रुपये सुटतात असे धरले, तर ३२ पोलकी केवळ हप्त्यांपायी शिवावी लागतील. म्हणून हप्ता केवढा, एवढेच विचारू नका. एकूण किती द्यायचे, ते विचारा. बचत गटातून कमी व्याजाने पैसे मिळत असतील, तर दोन्हींचा हिशेब कागदावर मांडून पाहा. स्टँड, मोटर, पोचवण्याचा खर्च किमतीत आहे की वेगळा, तेही विचारा. पक्की पावती आणि हमीचा कागद घेतल्यावाचून दुकान सोडू नका.

सरकारच्याही काही योजना असतात. २०२३ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही धरले आहे. चौकशी ग्रामपंचायतीत करावी. "फुकट मशीन मिळेल, आधी पैसे भरा, फोनवर आलेला नंबर सांगा," असे कोणी म्हटले तर त्याला एक पैसा देऊ नका आणि नंबरही सांगू नका. अशाने पुष्कळ लोक फसले आहेत.

घरी आणल्यावर

मशीनला मशीनचेच तेल घालावे, प्रत्येक भोकात थेंबभर. खोबरेल घालू नये. ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होऊन भाग अडकतात. दात्यांखाली कापडाचा भुगा साचतो, तो ब्रशने काढावा. सुई बोथट झाली की बदलावी. काम झाल्यावर मशीन झाकून ठेवावे. लहान मुलांची बोटे चाकात आणि सुईखाली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

कामाला पुरेल, जवळ दुरुस्त होईल आणि किंमत झेपेल, ते मशीन आपले. शेजारणीने कोणते घेतले, ते पाहून आपले मशीन ठरवू नये.