पैसे जास्त घातले, मग मत पण जास्त का?

परवा वाटूर फाट्यावर मसाल्याचा धंदा सुरू करणाऱ्या दहा जणींच्या गटाशी बोलणं झालं. एका ताईंनी विचारलं, "सर, माझे पैसे सगळ्यात जास्त. मग माझं मत पण जास्त धरायचं ना?" यावरच गट फुटायला आला होता. व्हिडिओत उत्तर घाईत झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे बरं का! आजच्या तुर्कस्तानात लिसिया नावाचा प्रदेश होता. तिथल्या 23 शहरांनी संघ केला. मोठ्या शहराला 3 मतं, मध्यम शहराला 2, बाकीच्यांना 1. खरी गंमत पुढे आहे : वर्गणी आणि इतर भारही त्याच प्रमाणात! मत जास्त, तर ओझंही जास्त. पुढे रोमचा अंमल आला. युद्ध आणि तह रोमच्या हातात गेले, पण अधिकारी आणि न्यायाधीश संघच निवडत राहिला. तुम्ही मोठ्या कंपनीला माल द्याल तेव्हा असंच होतं. भाव बऱ्याचदा ती ठरवते, पण घरातला हिशोब तुमचाच असतो.

आता आपल्याकडे या. इथे संघ कारागिरांचे होते, त्यांना श्रेणी म्हणत. नाशिकच्या पांडवलेणीतला लेख सांगतो की नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 महिना शेकडा 1 ने, 1000 महिना शेकडा पाऊण ने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज 240, म्हणजे 20 भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी 12. राजाचा जावई विणकरांवर एवढा विश्वास टाकतो! आणि हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं, रीतीप्रमाणे नोंदवलं.

तर ताई, तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. सहकारी संस्था केलीत, तर एक सभासद एक मत, पैसे कितीही असोत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत साधारणपणे शेअरप्रमाणे मत, पण तोटाही त्याच मापाने सोसायचा. तो सोसायची तयारी आहे का, हे आधी घरी विचारा. मग दहाही जणी बसा, ठरलेलं रजिस्टरमध्ये लिहा, मोठ्याने वाचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मसाला त्यानंतर कुटा.