बैलाची चाल आणि जहाजाचा वारा
(प्राचीन व्यापारवाटा : लेख सहावा)

गेल्या आठवड्यात आपण मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडणारी जहाजे पाहिली. पण त्या जहाजांत भरायचा माल बंदरापर्यंत आणला तो बैलांनी. सातवाहनकाळातल्या व्यापाराच्या वर्णनात जहाजांना मोठा मान मिळतो, बैलाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकतो. माझ्या मते त्या व्यापाराचे खरे गणित बैलाच्या चालीवर बसवलेले होते.

याला पुरावा आहे ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तहून व्यापार करणाऱ्या एका अनामिक माणसाने ती लिहिली. तो सांगतो, की भडोच बंदराहून दक्षिणेला पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत पट्ट्यांचे दगड येत, तेरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल. हा सगळा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून आणत, असेही तो नोंदवतो. आता नकाशावर मोजून पाहा. तेर ते पैठण सरळ रेषेत साधारण 150 किलोमीटर, पैठण ते भडोच साधारण 350. म्हणजे दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटर. ओझ्याच्या बैलाची रोजची मजल एवढीच असते. त्याला चरायला, पाणी प्यायला आणि रवंथ करायला वेळ द्यावाच लागतो. ग्रीक व्यापाऱ्याने दिलेले दिवस हे आपल्या बैलांनी चाललेले दिवस आहेत.

मग जवळचे बंदर सोडून माल भडोचला का जात होता? जुन्नरहून नाणेघाट उतरला की कल्याण बंदर चार-पाच मजलांवर. हा घाट कातळ फोडून केलेला. तिथे गाडी चालत नाही; माल गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादायचा आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली न्यायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्यांची कोरलेली नावे आजही वाचता येतात. बाहेर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असे परंपरा सांगते. राजघराण्याने आपली ओळख कोरण्यासाठी हा घाट निवडला, यावरूनच त्या वाटेचे मोल कळते.

पेरिप्लसकाराच्या काळात मात्र ही वाट अडली होती. तो लिहितो, की सातवाहन राजा थोरल्या सातकर्णीच्या वेळी कल्याण ही रीतसर पेठ होती, पण नंतर तिथे अडथळा आला आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच क्षत्रप नहपानाच्या ताब्यात होते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या वैराचा भार बैलांवर पडला. जुन्नरच्या परिसरातला जो माल पाच दिवसांत समुद्राला लागला असता, त्याला भडोच गाठायला जवळपास तीन आठवडे लागणार. वाटेतला चारा, माणसांचे जेवण, राखणदारांची मजुरी, सगळे त्या मालाच्या किमतीवर चढणार. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. हा संघर्ष जितका मुलखासाठी होता, तितकाच घाट आणि बंदरे यांच्यासाठी होता, असे मला वाटते.

ऋतूंचा मेळही पाहण्यासारखा आहे. जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत आणि आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरत असे. भर पावसात निसरड्या घाटातून लादलेला बैल उतरवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. चिखल सुकला, वाटा मोकळ्या झाल्या, की तांडे खाली उतरत. परतीचा ईशान्य वारा डिसेंबर-जानेवारीत मिळे. मधल्या दोन-तीन महिन्यांत सगळी खरेदी आणि भरणा उरकायचा.

परतलेल्या जहाजांतून इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात माल उतरला, की पुढची पाळी उंटांची. तिथून नाईलकाठचे कॉप्टॉस 12 दिवसांवर. उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री होई आणि मुक्काम पाण्याच्या ठिकाणांवर पडत, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. कॉप्टॉसहून नावेने अलेक्झांड्रिया. बेरेनिकेच्या उत्खननात सुमारे साडेसात किलो काळी मिरी भरलेला भारतीय घडणीचा रांजण मिळाला. सागाची लाकडे आणि भारतीय सुती शिडांचे तुकडेही मिळाले.

तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात या व्यापाराच्या खुणा आजही पाहायला मिळतात. धाराशिव-लातूरकडे जाणे झाले, तर वाट थोडी वाकडी करून ते जरूर पाहा आणि मुलांनाही बरोबर न्या. पुढच्या आठवड्यात भडोचच्या धोक्याच्या खाडीतून परदेशी जहाजांना वाट दाखवणाऱ्या कोळ्यांविषयी.