जुनी फोर बाय फोर घेताय? आधी पुढची चाकं तपासा

काळ्या रानात दोन चांगले पाऊस झाले की अहमदपूर तालुक्यातल्या बऱ्याच शेतांचा रस्ता संपतो. लातूर-नांदेड राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता रुंद झाला आहे, पण महामार्ग सोडून आखाड्यापर्यंत जायची दोन-तीन किलोमीटरची पाणंद अजून बैलगाडीच्याच काळातली. किनगाव, हाडोळती, अंधोरी, खंडाळी, कुठल्याही शिवारात जा. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि मडगार्डपर्यंत चढते. मग चाक जागच्या जागी फिरतं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. उरलेला भाग बालाघाटाच्या रांगेचा, मुरमाड आणि दगडगोट्याचा. तिथे चिखल नसतो, पण चढावर गाडीचा दम निघतो. अशा भागातला माणूस जुनी फोर बाय फोर शोधू लागला तर त्यात हौसेपेक्षा गरजच जास्त असते.

तरीही घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. माझी पाणंद वर्षातून किती दिवस बंद असते? त्यावर मुरूम पडला असेल तर उंच बांध्याची, चांगल्या टायरची साधी बोलेरो पुरेशी आहे. फोर बाय फोरचं वजन जास्त, ॲव्हरेज कमी आणि बिघडायला एक अख्खा पुढचा ॲक्सल जास्त. दूध रोज काढून न्यायचं आहे, जनावरांच्या डॉक्टरला भर पावसात आणायचं आहे, सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरांना ने-आण करायची आहे, अशांनीच हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकारीचंही बोलून टाकू, कारण उघडी जीप म्हटली की आजही काही लोकांच्या मनात तेच येतं. निजामी राजवटीत आणि त्यानंतरची काही वर्षं या भागात शिकारी झाल्या, तो काळ संपला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. रोही, हरीण, रानडुक्कर पिकाची नासाडी करतात आणि शेतकऱ्याला रात्र रात्र जागल करावी लागते, हे खरं आहे. पण त्यासाठी वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. टपावर दिवे लावून हरणामागे जीप पळवणं हा गुन्हा आहे आणि याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली व जप्त झालेली गाडी सरकारची मालमत्ता होते. जुनी गाडी घेणाऱ्यानं हे कलम लक्षात ठेवायला हवं. टपावर सर्चलाइटचे क्लॅम्प, मागे बंदूक टेकवायचा कठडा असं काही दिसलं तर त्या गाडीवर वन विभागाची किंवा पोलिसांची केस आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता गाडी कोणती? आपल्याकडे जीप म्हणजे महिंद्राच. स्वातंत्र्याच्या सुमारास या कंपनीनं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशकं त्याच घराण्यातल्या गाड्या खेड्यापाड्यांत फिरल्या. त्यामुळे सुटे भाग लातूर-नांदेडला मिळतात आणि हात बसलेला मिस्त्री तालुक्यातच सापडतो. जुन्या गाडीसाठी याहून मोठा गुण नाही. पण नावावर जाऊ नका. काळी-पिवळीत धावलेल्या कमांडर आणि मार्शल बहुतेक मागच्या दोन चाकांवरच्या. बोलेरो २००० सालापासून रस्त्यावर आहे, तिच्यातल्या फोर बाय फोर फार थोड्या. बोलेरो कॅम्परमध्ये त्या मिळतात आणि शेतकऱ्याला उघडा हौदाही उपयोगी पडतो. थार २०१० साली डीआय आणि सीआरडीई अशा दोन इंजिनांत आली, त्यातल्या डीआयमध्ये टू-व्हील ड्राइव्हही होती. नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि जानेवारी २०२३ पासून तीही फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात मिळू लागली. दिसायला दोन्ही सारख्याच. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी वजनानं हलकी, म्हणून चिखलात सुरेख चालते. पण ती पेट्रोलवर चालते आणि ओझ्याची नाही. फोर्सची गुरखा दणकट, दोन्ही ॲक्सलला डिफरन्शियल लॉक असलेली, पण आपल्या बाजारात क्वचित येते. माझी पसंती विचाराल तर डीआय इंजिनाची, चांगली ठेवलेली थार किंवा फोर बाय फोर कॅम्पर. डीआयचा पंप यांत्रिक आहे. कॉमन रेलचं इंजिन ताकदवान खरं, पण त्याचे इंजेक्टर आणि सेन्सर बिघडले तर आखाड्यावर उभं राहून काही करता येत नाही.

तपासणीआधी ही यंत्रणा चालते कशी ते समजून घ्या, म्हणजे काय बघायचं ते आपोआप कळेल. गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. दुसरा छोटा दांडा टू-हायवर असेल तेव्हा ताकद फक्त मागे जाते. फोर-हायला टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि एकाच वेगानं फिरतात. फोर-लोमध्ये तेच, पण वेग कमी आणि ओढ वाढलेली. आता वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. शाफ्ट बांधलेले असल्यानं हा फरक कुठेतरी निघायला हवा. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग तो ताण साखळी, गिअर आणि शाफ्टच्या क्रॉसवर बसतो. म्हणून अशा गाड्यांत डांबरावर फोर-हाय लावायचा नसतो. आधीच्या मालकाला हे ठाऊक होतं का, हे त्याच्याशी गप्पा मारता मारता कळतं. ‘हायवेला ग्रिप चांगली मिळते म्हणून मी कायम फोर-हायवर चालवतो’, असं कोणी अभिमानानं सांगितलं तर ट्रान्सफर केस झिजलेली आहे असं धरूनच भाव करा.

आणखी एक गोष्ट, जी चार चाकांच्या ओढीवर फार भरवसा ठेवणाऱ्यांना माहीत नसते. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला मोकळीक मिळते त्यालाच फिरवत बसतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी किंवा गाळात गेलं तर फोर बाय फोरही जागेवर उभी राहते. लॉक असलेली गाडी तिथून निघते.

यातली उलटी गंमत अशी की वर्षानुवर्षं अजिबात न वापरलेली फोर बाय फोरही वाईटच. पुढचा ॲक्सल पडून राहतो, तेल आटतं, सील वाळतात, दांडा गंजून बसतो. काही जण तर पुढच्या शाफ्टचा क्रॉस गेला की दुरुस्तीऐवजी शाफ्टच काढून ठेवतात. आत दांडा तसाच असतो, मागे फोर बाय फोरचं स्टिकरही असतं आणि ओढ मात्र मागच्याच चाकांना. आधी वाकून खाली बघा. पुढे डिफरन्शियलचा फुगीर गोळा आणि त्याच्यापर्यंत आलेला शाफ्ट दिसलाच पाहिजे.

मग जॅकची तपासणी. मी हिला सगळ्यात जास्त मोल देतो. ही दांड्यानं चालणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. बटणावर किंवा व्हॅक्यूमवर फोर-व्हील लागणाऱ्या गाडीला इंजिन चालू लागतं, तिथे हे करू नका. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. इंजिन बंद, हँडब्रेक वर, गिअर पहिल्यात. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला. गाडीखाली कुणी जायचं नाही. दांडा टू-हायवर ठेवून उचललेलं चाक हातानं फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे. ज्या गाडीत चाकाच्या मध्यभागी लॉकिंग हब नाहीत, तिथे चाकाबरोबर पुढचा शाफ्टही फिरताना दिसेल. हब असतील तर दोन्ही बाजूंचे हब लॉकवर फिरवून मग बघा. आता कुणाला तरी दांडा फोर-हायला टाकायला सांगा. दात जुळत नसतील तर चाक थोडं मागेपुढे हलवा. खट् असा आवाज येऊन चाक अडलं की पुढची साखळी सलग आहे. फोर-हायला टाकूनही चाक मोकळंच फिरत राहिलं तर हब, ॲक्सल, क्राऊन-पिनियन किंवा ट्रान्सफर केस यांपैकी काहीतरी तुटलेलं आहे. चाक अडायच्या आधी किती फिरतं तेही बघा. थोडा प्ले प्रत्येक गाडीत असतो. मोठा असेल तर क्रॉस आणि गिअर झिजलेत. तेच दुसऱ्या बाजूला करा.

चाक हवेत आहे तोवर ते वर-खाली धरून जोरात हलवा. खडखड झाली तर बेअरिंग किंवा स्टेअरिंगच्या सांध्याचं काम निघेल. जुन्या जीपचं स्टेअरिंग एका ठरावीक वेगाला थडथडतं, त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

यानंतर तेल. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे बोल्ट मिस्त्रीकडून उघडून घ्या. मालक नको म्हणाला तर तिथेच काय ते समजा. तेल दुधाळ असेल तर गाडी ओढ्यात उभी राहिली आहे आणि आत पाणी गेलं आहे. तेलात चकचकीत कण बोटाला लागले तर गिअर खाल्ले जाताहेत. तेल कोरं करकरीत, कालच बदललेलं असेल तर कारण विचारा.

चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असले की त्यांचा घेर वेगळा पडतो आणि फोर-हाय लावताच तोच ताण यंत्रणेत शिरतो. दिखाऊ, अवाढव्य टायर लावलेली गाडी मी टाळेन. क्लच, ॲक्सल आणि ब्रेक सगळ्यांवर त्याचा भार येतो. काळ्या मातीसाठी मोठ्या, अंतर राखलेल्या खाचांचा टायर लागतो, कारण फिरताना तोच चिखल बाहेर फेकतो.

चेसिसकडे उजेडात बघा. पाट्यांच्या टोकाशी आणि स्टेअरिंग बॉक्सजवळ वेल्डिंग, भेग किंवा नवा काळा रंग शोधा. इथली कोरडी हवा चेसिसला बरी. एमएच-२४ लातूर किंवा एमएच-२६ नांदेड पासिंगची गाडी खरचटलेली असेल, पण सहसा सडलेली नसते. एमएच-०७ आणि एमएच-०८ म्हणजे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. तिथली गाडी वरून चमकत असली तरी खारी हवा खालून पत्रा खाते.

इंजिनसाठी सकाळी लवकर, न सांगता जा. बोनेटला हात लावून ते गार आहे याची खात्री करा आणि मगच चालू करायला लावा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्या. तेल टाकायचं झाकण उघडून त्यातून वाफेचा जोराचा फुत्कार येतो का बघा. येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. शेवटी गाडी रानात न्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल जुंपून, चालवून बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही, इथेही तसंच करा. फोर-लोमध्ये मऊ नांगरटीतून चालवा, चढावर थांबवून पुन्हा उचला, दांडा मधेच सुटतो का बघा. त्यासाठी पावसाळ्यात खरेदी केलेली बरी. उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात.

कागद शेवटी आले असले तरी पैसे इथेच बुडतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी बंधनं आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या आपल्याकडे येतात. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नव्यानं बांधलेल्या जीपही येतात. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची ना-हरकत लागते, इथे कर भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च जोडला की स्वस्ताई बरीच उतरते. बांधलेल्या जीपबद्दल तर जास्तच सावध राहा. मूळ रचना बदलून आरसीशी न जुळणारी गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. विमा, कर्जाचा बोजा, थकलेले दंड तिथे दिसतात. चेसिस आणि इंजिनवरचा ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर देऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते, म्हणून चौदा वर्षांच्या गाडीचा भाव करताना हे धरा.

ताबा घेताना तारीख आणि वेळ घातलेली पावती दोघांच्या सहीनं करा आणि विमा लगेच नावावर करून घ्या. थोडी रक्कम मागे ठेवा. आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत ती देऊ नका.